बिनतेलाची जोत

कडी पडली.

कापसाच्या खोलीची कडी. लोखंड लाकडावर आपटून एकदा खणकतं आणि मग कडी जागच्या जागी दोनदा हलते, हळू, कोणी झोपेत कूस बदलावी तशी. ती हललेलीही मला ऐकू आली, इतकं घर गप्प होतं. खंडेनवमीची सकाळ. विळे, कोयते, कुळवाची पास, सगळं धुऊन, हळदकुंकू लावून ओसरीवर मांडलेलं. पुरुष मंडळी शेतातल्या इंजिनाला हार घालायला गेलेली. मी चुलीपुढे पुरण वाटत बसलेली. त्या खोलीची कडी मी काढते आणि मी लावते. गिरधर, म्हणजे माझा नवरा, घराचा मालक, तोसुद्धा बाहेर उभा राहून विचारतो, येऊ का? आणि तरी पहिला विचार मला खोलीचा आला नाही. रमी कुठे आहे हा आला. साडेचार वर्षांची माझी मुलगी मघापर्यंत माझ्या पाठीला पाठ लावून ज्वारीच्या कणसाशी बोलत बसली होती. पाठीवर तिची ऊब अजून होती. ती नव्हती.

मी उठले. हात धुतले नाहीत. धावलेही नाही, आणि याचं मला आज, रमी झोपली आहे तेवढ्यात हे लिहितानाही, नवल वाटतं, की पाय इतके शहाणे कसे राहिले. धावायचं नाही हे बडोद्याच्या प्रयोगशाळेत हाडात मुरवलेलं. सर म्हणायचे, वायू सुटल्याची शंका आली तर आधी उभे राहा, मग चाला, आणि केरसुणी पुढे धरून चाला. केरसुणी! पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, सर थट्टा करतात. माझ्यासोबत अनीस म्हणून एक मुलगा लागला होता, सुरतेचा, हसरा. तो दर सकाळी केरसुणी खांद्यावर बंदुकीसारखी टाकून आत शिरायचा आणि म्हणायचा, "बहनजी, इंजिनियर बनने आए थे, झाडूवाले बन गए." त्या अनीसनेच एकदा नळीपलीकडचा पाना उचलायला हात घातला. तिथे काही नव्हतं. ऊन होतं, खिडकीतून टेबलावर पडलेलं, स्वच्छ. आणि त्याच्या शर्टाची बाही आपोआप काळी होत वर चढायला लागली, आणि तो बाहीकडे बघून हसत होता, खरंच हसत होता, कारण डोळ्यांना दिसत नाही ते मेंदूला पोचायला उशीर लागतो. हायड्रोजन जळतो तेव्हा दिवसाच्या उजेडात ज्वाळ दिसत नाही. धूर नाही, वास नाही, आवाज असलाच तर श्वासाएवढा. केरसुणी पुढे धरायची ती यासाठी. तिच्या काड्या पेटल्या की समजायचं, इथे आहे. अनीस बरा झाला, पण पुढे भर उन्हाळ्यातही बाही मनगटापर्यंत ओढून हिंडायचा, आणि झाडूचा विनोद त्याने पुन्हा केला नाही.

स्वयंपाकघर, माजघर, ओसरी. ओसरीच्या पायरीवर झेंडूच्या पाकळ्या सांडलेल्या, एकेक, अंतराअंतराने, अंगण ओलांडून गेलेल्या. रमी फुलं फ्रॉकच्या ओच्यात घेऊन चालली की अशीच सांडत जाते. पाकळ्या गोठ्याकडे वळल्या नव्हत्या. निंबापाशी वळल्या नव्हत्या. मला त्या पाकळ्यांची भीती वाटली, खरी शारीरिक भीती, पोटऱ्यांतून वर येणारी. बाळंतपणात ताप भरला होता तेव्हा अशी आली होती. तेव्हा रमी पाळण्यात होती आणि मला सारखं वाटायचं, पाळण्यात काहीतरी आहे. पाळणा मोकळा दिसायचा, गोधडी, पोर, बस्स; तरी मी उठून हात फिरवून बघायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई रेवाबाई, दाराशी बसून म्हणायच्या, "काय दखी ऱ्हायनी वं माय? काई नही शे तठे." काही नाही हे मलाही दिसत होतं. पण काही नाही असं दिसणं आणि काही नसणं एकच नव्हे, हे मी लग्नाआधीच शिकून आले होते, पगार घेऊन.

ब्राह्मणपुरीत, सासरच्या या गावात, माझ्या कामाला नाव नाही. गल्लीत विचारतात, गिरधरभाईनी बाई काय करस? तर कोणी म्हणतं बॅटऱ्या भरस, कोणी म्हणतं सोडा-लिंबूचा वायू करस. गिरधर सगळ्यांना समजावतो: चुलीत लाकूड जळलं की ऊब मिळते, धूर होतो, राख उरते, हिच्या यंत्रात जळण जळतच नाही, तरी जळण्यातलं जे सत्त्व, ते तारेतून बाहेर येतं. तसं बरोबर सांगतो तो. फ्यूएल सेल. सच्छिद्र निकेलच्या दोन पत्र्यांमध्ये पोटॅशचं पाणी, एका अंगाने हायड्रोजन, दुसऱ्या अंगाने चुन्याच्या निवळीतून धुतलेली हवा. असे सहा सेल एकापुढे एक, आणि भिंतीवर बॅटरीतला इवलासा दिवा. आकाशात माणसं फिरवणारे परदेशी लोक हेच यंत्र सोबत नेतात असं पेपरात आलं, तेव्हा गल्लीचं मत जरा बदललं. लग्न ठरल्यावर मी नोकरी सोडायला गेले तर सर म्हणाले, सोडू नका, घेऊन जा. प्रयोगशाळेत काहीही चालतं. जिथे धूळ आहे, जिथे तारा पोचल्या नाहीत, तिथे हा दिवा दिवाळीपर्यंत न खंडता चालवून दाखवा. तुमची जागा मी ठेवतो. लग्न, मग रमी, मग ताप, आणि सरांचं ते वाक्य मध्ये पाच दिवाळ्या पडून राहिलं. यंदा पावसाच्या आधी गिरधरने कापसाची खोली रिकामी केली, छपराला काचेचं कौल बसवलं, आणि नंदुरबार स्टेशनावर उतरलेला लाल सिलिंडर गाडीवाल्या वाहरूच्या बैलगाडीतून आला. गाडीमागे पोरं ओरडत होती, "रेडा उना! जसोदाबाईना लाल रेडा!" दिवा लागला. गल्लीच्या तोंडाशी विजेचे खांब नुसते रोवून ठेवलेले, तारांचा पत्ता नाही, आणि माझा दिवा लागला होता. न खंडता. तो तसाच राहिला तर दिवाळीनंतर मी माणसांत परत जाणार होते. हे मी कोणाला अशा शब्दांत सांगितलं नव्हतं. माणसांत म्हणजे, मग इथे काय ढोरं आहेत, असं कोणीही विचारलं असतं.

आत्याबाईंशी माझा तंटा एकाच गोष्टीवरून, केरसुणीवरून. मी ती कापसाच्या खोलीच्या दाराशी उभी ठेवायची. त्यांना ते बघवायचं नाही. केरसुणी लक्ष्मी, तिला दारात उभी करत नाहीत, आडवी, नजरेआड ठेवतात. मी ठेवली की त्या उचलून जात्यामागे निजवायच्या. मी पुन्हा आणायची. "इतली शिकनी, पन झाडू कसा ठेवाना ते नही शिकनी," हे त्या मला नाही, गाईला सांगायच्या. पण विस्तवाचा नियम त्यांनी माझ्याहून कडक पाळला. या खोलीत विस्तव नको, चूल नको, बिडी नको, असं मी एकदा सांगितलं ते शेवटचं. पुढे वाहरू बिडी तोंडात धरून अंगणात आला तरी त्या काठी उगारायच्या. "दूर हो रे भो! सुननं यंत्र शे तठे!" सुनेचं यंत्र. ते त्यांच्या तोंडी ऐकताना मला आत कुठेतरी गोड वाटायचं. मग एक दिवस त्यांनी ते पाणी पाहिलं. सेलमधून परत येणाऱ्या वायूसोबत वाफ येते, ती काचेच्या नळीत थेंब थेंब साठते. मी म्हटलं, आत्याबाई, हे पाणी विहिरीचं नाही, नदीचं नाही, ते आत्ता इथे झालं. वायूचं झालं. त्यांनी नळीखाली बोट धरलं, थेंब घेतला, दोन्ही डोळ्यांना लावला. "दिवा बी देस आन पानी बी देस," म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ बसून राहिल्या. मी हसले. प्रेमानेच हसले. नवरात्र बसल्यावर त्यांनी देवापुढे नऊ दिवसांचा दिवा लावला, आणि रोज सकाळी त्यात तेल घालून झालं की मला विचारायच्या, "तुन्हा दिवा शे ना? खंडना नही ना?" मी म्हणायची, नाही आत्याबाई, आहे. दोघी मग आपापल्या कामाला लागायचो. मला वाटायचं, घरात पहिल्यांदा कोणाला तरी माझं काम कळलं.

अंगणाच्या मध्यावर मला घंटीचा आवाज आला. देवघरातली छोटी पितळी घंटी. पण आवाज देवघरातून येत नव्हता.

मी ओरडले नाही. मी ओरडले की रमी दचकते, आणि दचकली की जवळचं जे असेल ते घट्ट धरते. तेवढं मला सुचलं. आणि दुसरं हे सुचलं, की ती काय धरेल. उरलेलं अंगण मी असं चालले की जणू माझ्या डोक्यावर भरलेली घागर आहे. दार उघडं होतं. दाराशी केरसुणी नव्हती.

आत काचेच्या कौलातून उन्हाचा उभा पट्टा आलेला, बरोबर सिलिंडरवर. सिलिंडरला कुंकवाची पाच बोटं. त्याच्या बुडाशी ज्वारीचं हिरवं धाट टेकवून ठेवलेलं, ओसरीवरच्या नांगराला टेकवलं होतं तसंच. पितळी तोटीच्या मानेवर झेंडूचा जाड हार. आणि पुढे आत्याबाई, डोक्यावरून पदर, डाव्या हातात घंटी, उजव्यात ताट, ताटात निरांजन. देवापुढच्या नऊ दिवसांच्या दिव्यावरून पेटवून आणलेलं. त्यांच्या कमरेशी रमी, ओच्यात फुलं. "वाहा माय," आत्याबाई सांगत होत्या, "फूल वाहा. तुन्ही आईनं यंत्र शे ते."

मी भिंतीवरच्या दिव्याकडे पाहिलं. तो लालसर झाला होता. मंद. मंद म्हणजे वायू सेलपर्यंत पोचत नाही. आणि सिलिंडर उघडा आहे. हाराच्या वजनाने रबरी नळी तोटीवरून उतरून खाली लोंबत होती. तोटीचं तोंड उघडं, वर वळलेलं. तिथे काही नव्हतं. ऊन होतं. मी विचारलं, माझाच आवाज मला दुसऱ्या बाईचा वाटला: "आत्याबाई, आत्ता काही वाजलं का हो? फुप्प असं?"

"व्हय," त्या मागे न बघता म्हणाल्या, खुशीत. "निरांजन ओवाळं, तवय वाजनं. यंत्र बोलनं."

म्हणजे ज्वाळ पेटली होती. वायू खोलीत साठण्याआधीच ती पेटली म्हणून आम्ही तिघी उभ्या होतो. आता ती तिथेच होती, तोटीच्या तोंडावर, वीतभर की हातभर, कोणाला माहीत, डावीकडे वाकलेली की सरळ, आणि रमीचा हात, गोबरा, मनगटावर काळ्या मण्यांची दोरी बांधलेला, एक फूल चिमटीत धरून त्या रिकाम्या उन्हात वर चालला होता.

"रमी," मी म्हटलं, "खांब."

आमचा खेळ आहे. गल्लीतले खांब आले तेव्हापासूनचा. खांब म्हटलं की जिथे असेल तिथे उभं राहायचं, पापणीही हलवायची नाही, कारण खांबाला अजून तारा नाहीत. रमी थांबली. हात तसाच वर. मला तो हात दिसत होता आणि हाताच्या पुढचं दिसत नव्हतं. मी वाकून धाट उचललं, पुढे धरलं आणि मुलीच्या हाताच्या बाजूने आत सरकवू लागले. हळू. नजर धाटाच्या पानाच्या टोकावर. त्या वेळी मनात भलतंच आलं. पुरण खाली लागलं असेल, हे. आणि अनीसचं हसू. आणि रमी पोटात असताना मी एकदा प्रयोगशाळेच्या स्वप्नातून उठले होते आणि पोटावर हात ठेवून म्हटलं होतं, तू बाहेर येऊ नकोस, आतच बरी आहेस, बाहेर काय काय असतं ते दिसत नाही. पानाचं टोक वळलं. काळं झालं. मग भुर्रकन पिवळी ज्वाळ धाटावरून माझ्याकडे धावत आली. रमीच्या बोटांपासून चार बोटांवर.

"आई वं!" आत्याबाई म्हणाल्या. घंटी खाली पडली. "जोत! दख वं माय, बिनतेलनी जोत! देवी उनी!"

त्या तशाच, ताटासकट, वाकायला लागल्या, डोकं टेकवायला. मी डाव्या हाताने रमीला फ्रॉकला धरून मागे ओढलं, खांद्याने आत्याबाईंना आडवलं, आणि खालून, हारामागून, सिलिंडरच्या चावीला हात घातला. चावीला तेल लावलं होतं. पूजेचं गोडं तेल. माझ्या हाताला पुरण. चावी फिरेना, नुसती बोटं फिरत होती. किती वेळ ते मी सांगू शकत नाही. पदर चावीवर गुंडाळला आणि फिरवली तेव्हा फिरली. मग उरलेलं धाट तोटीसमोर धरलं, वर, खाली, दोन्ही अंगांना. काही झालं नाही. पुन्हा धरलं. काही झालं नाही. धाट पायाखाली चुरगाळलं आणि मग भिंतीकडे पाहायचं धाडस केलं. सहा सेलांमध्ये उरलेल्या वायूवर माझा दिवा अजून होता, तारेचा एक लाल धागा. तो बघता बघता केसाएवढा झाला. मग नुसती काच राहिली.

तो खंडायचा नव्हता.

"विझाडी दिधी?" आत्याबाई म्हणाल्या. रागाने नाही. तोंड उघडंच राहिलेलं. "नवमीना दिन देवी तुन्हा घरमा उनी, आन तू विझाडी दिधी?"

मी त्यांच्या हातातलं ताट घेतलं. निरांजन फुंकलं नाही; फुंकर मारून दिवा विझवणं त्यांच्या देखत मला शक्य नव्हतं, त्यांच्या मागेही नसतं झालं. तसंच जळतं बाहेर नेलं, निंबाखाली ठेवलं. परत आले. "आत्याबाई, मी विस्तव नको म्हटलं होतं ना हो इथे?"

"विस्तव कथा शे?" त्यांना खरंच कळेना. "हाऊ देवना दिवा शे."

तो देवाचा दिवा होता. त्यांनी मला मुलीसारखं माझ्या यंत्रासकट देवापुढे घेतलं होतं, नांगराच्या, कोयत्याच्या ओळीत बसवलं होतं. या घरात याहून मोठं कोणी कोणाला काय देतं? मी सांगायला लागले. वायू, ज्वाळ, दिसत नाही, अनीस, बाही. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत चालला होता, कारण मी सांगत होते ते सगळं देवीचंच वर्णन होतं. दिसत नाही. आवाज नाही. तेल लागत नाही. हात घातला तर जाळते. "मंग तेच सांगी ऱ्हायनू ना मी," त्या म्हणाल्या, माझ्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कपाळाशी मोडत. "भ्याऊ नको पोरी. देवी येस तवय पहिलांदा सगळाच भेतस." मग त्या घाईने अंगणात गेल्या, निंबाखालचं निरांजन उचललं, देवघरात ठेवलं, आणि कुडाशी उभ्या राहून शेजारच्या रुक्मिणीबाईंना हाक मारली. मला आत ऐकू येत होतं. सुनेच्या यंत्रात जोत लागली. बिनतेलाची. पोरीच्या हातातलं फूल घ्यायला आली. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "काय सांगस!" आणि मग, "सांजले समद्या येतस आम्ही. आरती लई येतस." कोणीतरी तिसरी हसली, की आमच्या शिवणाच्या मशीनमध्ये नाही कधी येत देवी. आणि सगळ्या हसल्या, सणाच्या दिवशी बायका हसतात तशा.

संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या बायका येतील. प्रत्येकीच्या ताटात दिवा. आज बंद ठेवीन. उद्या दसरा, उद्याही येतील. परवा येतील. विस्तव म्हणून सांगितलं तर सिलिंडर आजच गाडीत चढेल, आणि गिरधर मान खाली घालून चढवू देईल. पोरीचा हात कुठवर गेला होता हे त्याला मीच सांगणार. देवी म्हणून राहू दिलं तर हा दिवा कधी पुन्हा लावताच येणार नाही. मी हिशेब करत नव्हते, नुसत्या दोन भिंती दिसत होत्या. चावी सिलिंडरवरून काढून कमरेला खोचली. थंडगार. नळी सोडवली. तोटीच्या तोंडापुढून हात न्यायचा होता, हार काढायला. वायू बंद होता, चावी कमरेला होती, दोनदा पडताळलं होतं. हात जाईना. उन्हाच्या त्या पट्ट्यात नुसती धूळ तरंगत होती. मी हार राहू दिला.

उंबऱ्यावर येऊन बसले. मग लक्षात आलं, रमी अजून तशीच उभी आहे, मी ओढून ठेवली होती तिथे, हात वर, डोळे मोठे, खांब. खेळ संपला म्हणून तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी हात पसरले तेव्हा ती सुटली आणि येऊन मांडीत शिरली. तिची बोटं मी एकेक उलगडून पाहिली. तळहात, नखं, मनगटावरची दोरी. काही नव्हतं. पुन्हा पाहिली. चिमटीतल्या फुलाच्या एका बाजूच्या पाकळ्या करपून आत वळल्या होत्या. मी ते फूल तिच्या मुठीतून काढून घेतलं. ती तोटीकडे बघत राहिली, मान तिरकी करून, पाखरू दाण्याकडे बघतं तशी.

"आई, ती जोत विझली?"

"विझली, बेटा."

"पन ती दिसत नव्हती ना?"

"नव्हती."

कुडापलीकडे बायका अजून हसत होत्या. रमीने माझा चेहरा दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे वळवला आणि आजीच्या बोलीत, अगदी हळू, जणू कोणाला ऐकू जाऊ नये, विचारलं,

"मंग ती विझनी, हाई तुले कसं दखायनं?"